यात्रेतल्या फ्रिक्शनच्या ट्रॅक्टरला रिमोट बसवताना

पालच्या खंडोबाच्या यात्रेत, सांगलीच्या बाजारात, कुठेही मिळणारा तो घासून सोडला की पळणारा प्लास्टिकचा ट्रॅक्टर. तो रिमोटवर चालणारा, वळणारा आणि ट्रॉली ओढणारा करता येतो. दोन-तीन रविवार लागतात. थोडंफार सोल्डरिंग जमत असेल, हॅकसॉ आणि कानस हातात धरता येत असेल तर पुरे. प्रोग्रॅमिंग लागत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. गळीत हंगामात कारखान्याकडे दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर आठवा. तो सावकाश जातो, पण थांबत नाही. आपलं मॉडेलही तसंच चाललं पाहिजे. नवखे लोक जुन्या रिमोट कारची मोटर काढून बसवतात. मग ट्रॅक्टर मोकळा असताना उधळतो आणि ट्रॉली लावली की जागेवर गुरगुरतो. म्हणून सामान आणायच्या आधी वेगाचा हिशोब करायचा.

चाकाचे फेरे किती हवेत

आपल्याकडच्या ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला मागे बहुतेक १३.६-२८ चा टायर असतो. त्याची उंची साधारण १.३ मीटर. १:१६ मापात, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्यात, तो ८ सेंटीमीटरचा होतो आणि एका फेऱ्यात साधारण २५ सेंटीमीटर पुढे जातो.

शेतात नांगरताना खरा ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. त्याला १६ ने भागलं की ५.२ मीटर येतात, आणि त्यासाठी चाकाचे मिनिटाला २१ फेरे लागतात. भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर ताशी २० धरले तर ८३ फेरे. म्हणजे मागच्या चाकाला मिनिटाला २० ते ८० फेरे मिळाले की चाल खरी दिसते. याहून जास्त वेगाचा ट्रॅक्टरला उपयोग नाही.

कोणता ट्रॅक्टर घ्यायचा

लांबी २० ते २३ सेंटीमीटर असलेला घ्या, तो साधारण १:१६ मापाचा असतो. १:३२ चा ट्रॅक्टर जेमतेम ११ सेंटीमीटर भरतो. त्यात सगळं बसवता येतं, पण पहिल्याच कामाला तो घेतलात तर अर्धा वेळ वायर कोंबण्यात जाईल.

दुकानात उलटा करून बघा. खाली स्क्रू दिसले पाहिजेत. नुसता चिकटवलेला असेल तर उघडताना फुटतो. बोनट आतून पोकळ हवं. मागचे टायर रबरी असतील तर उत्तम. शेवटी पट्टीने मागच्या दोन टायरमधलं आतल्या बाजूचं अंतर मोजा. ते ६० मिलिमीटरच्या वर असेल तर काम सोपं होतं, कारण तिथे दोन मोटरी पाठीला पाठ लावून बसवायच्या आहेत आणि टर्मिनल धरून त्यांची जागा ५५ मिलिमीटरच्या आसपास जाते.

सामान

- एन२० गिअर मोटर, ६ व्होल्ट, १०० आरपीएम (मिनिटाला फेरे), धातूच्या गिअरची: २
- एन२० चे ब्रॅकेट: २, सोबत एम२ नटबोल्ट
- ३ मिमी शाफ्टचं फ्लँज कपलर (शाफ्टला चाक जोडणारी चकती), ग्रब स्क्रूसह (बाजूने आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू): २
- एमजी९०एस सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर, स्टिअरिंगसाठी): १
- ब्रश मोटरचा ईएससी (रिमोटप्रमाणे मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), १० अँपिअर, पुढे-मागे दोन्ही चालणारा, ५ व्होल्टच्या बीईसीसह (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग): १
- फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट आणि त्याचा रिसीव्हर, किंवा २.४ गिगाहर्ट्झचा दुसरा कोणताही, निदान तीन चॅनेलचा
- ७.४ व्होल्टची टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी), ८५० एमएएचच्या आसपास, बॅलन्स चार्जर आणि लिपो बझर
- १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर: २
- छोटा स्विच, श्रिंक स्लीव्ह, बारीक वायर
- अ‍ॅल्युमिनियमचं १० ते १२ मिमीचं यू चॅनेल, एम३ बोल्ट, सायकलचा एक जुना स्पोक

चॅनेलचा तुकडा स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे कचऱ्यात मिळतो. चेसिससाठी ३ मिमी जाडीची एसीपी शीट (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) लागते, ती दुकानांचे बोर्ड करणाऱ्याकडे तुकड्यांत मिळते. कपलरचं भोक जुळत नसेल तर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला कोणताही लेथवाला पाच मिनिटांत नीट करून देतो.

सर्व्होत एसजी९० स्वस्त पडतो, पण त्याचे दाते प्लास्टिकचे. पुढचं चाक उंबऱ्याला अडकलं आणि त्याच वेळी तुम्ही स्टिक दाबलीत की दाता तुटतो. एमजी९०एस साधारण त्याच मापाचा आणि धातूच्या दात्यांचा आहे, तोच घ्या.

खोलताना

स्क्रू काढायच्या आधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा. फ्रिक्शनची डबी आणि तिच्यातलं जड चक्र पूर्ण काढून टाका. मूळ मागचा एक्सल फेकू नका. चाकाच्या भोकात तो घालून त्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि ती शरीराच्या दोन्ही बाजूंवर मार्करने खूण करून ठेवा. मोटरचा शाफ्ट बरोबर त्या खुणेवर आला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर खाली-वर झाला की ट्रॅक्टर नाक वर करून किंवा डोकं खाली घालून उभा राहतो, आणि मग कितीही रंगवला तरी बघवत नाही.

मागच्या मोटरी

एसीपीची पट्टी शरीराच्या आतल्या मापाची कापा. दोन्ही मोटरी पाठीला पाठ लावून, शाफ्ट बाहेरच्या बाजूला, ब्रॅकेटने पट्टीवर आवळा. शाफ्ट एका रेषेत आहेत का ते मोठ्या पट्टीने बघा. ग्लू गनवर इथे भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात मोटर गरम झाली की तो गोंद सुटतो.

चाक कपलरवर मध्यात बसणं हे सगळ्यात नाजूक काम. नजरेने लावलं तर चाक लंगडतं. सोपी युक्ती अशी: चाकाच्या मूळ भोकातून आणि कपलरच्या भोकातून एकच ३ मिमीचा सरळ रॉड घाला. चाकाचं भोक मोठं असेल तर रॉडवर कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा. तसंच धरून कपलरची चार भोकं रीमवर खुणा करून पाडा, स्क्रू आवळा, मगच रॉड काढा. एन२० चा शाफ्ट एका बाजूने सपाट असतो. ग्रब स्क्रू त्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे, नाहीतर ओझं आलं की शाफ्ट आत नुसता फिरतो.

प्रत्येक मोटरच्या दोन टर्मिनलवर एक १०४ कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हरमध्ये येणारा अडथळा त्याने कमी होतो. हा छोटा दाणा न लावल्यामुळे सर्व्हो थरथरतो आणि लोक रिसीव्हर बदलत बसतात.

सिरीज जोडायची की पॅरलल

यावर जरा थांबू, कारण ट्रॅक्टर कसा वळणार ते इथे ठरतं.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं. खऱ्या ट्रॅक्टरमध्ये ही सोय डिफरन्शियल करतो. एकाच एक्सलवर दोन्ही चाकं घट्ट बसवलेल्या खेळण्यात ती सोय नसते, म्हणून पुढची चाकं वळवली तरी ट्रॅक्टर फरशीवर सरळच घसरत जातो.

आपल्याकडे दोन मोटरी आहेत, तेव्हा त्या सिरीजमध्ये जोडा. ईएससीची एक वायर पहिल्या मोटरला, पहिलीचं दुसरं टोक दुसऱ्या मोटरला, आणि दुसरीचं उरलेलं टोक ईएससीच्या दुसऱ्या वायरला. दोन्हींतून करंट एकच जातो, म्हणून जोर सारखा राहतो, पण व्होल्टेज हवं तसं वाटलं जातं. आतलं चाक हळू होतं, बाहेरचं जोरात. एकही गिअर न कापता डिफरन्शियल मिळाला. शिवाय ७.४ व्होल्ट दोघींत वाटले गेल्याने प्रत्येकीला ३.७ मिळतात आणि १०० आरपीएमची मोटर साठच्या आसपास फिरते. वरच्या हिशोबात आपल्याला नेमकं हेच हवं होतं.

यात खऱ्या डिफरन्शियलचा दोषही येतो. एक चाक मऊ मातीत मोकळं फिरायला लागलं की सगळं व्होल्टेज तेच खातं आणि दुसरं उभं राहतं. चिखलात रुतल्यावर ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो, तीच सोय इथे डीपीडीटी (सहा पायांच्या, दोन बाजूंना पडणाऱ्या) स्विचने करता येते. पहिल्या मोटरचं सुटं टोक स्विचच्या एका मधल्या पायाला, दुसरीचं दुसऱ्या मधल्या पायाला. एका बाजूचे दोन पाय एकमेकांना जोडा, ती झाली सिरीज. दुसऱ्या बाजूला पहिल्या मोटरसमोरचा पाय ईएससीच्या ज्या वायरवर दुसरी मोटर आहे तिला, आणि दुसऱ्या मोटरसमोरचा पाय पहिल्या मोटरच्या वायरला. हे झालं पॅरलल. यात प्रत्येक मोटरला पूर्ण बॅटरी मिळते, म्हणून रिमोटवर वेगाची मर्यादा ७० टक्क्यांवर आणून ठेवा, आणि ट्रॅक्टर थांबवूनच स्विच हलवा. पहिल्या ट्रॅक्टरला हा स्विच नसला तरी चालेल.

मोटरी एकमेकींच्या उलट्या तोंडाने बसल्या आहेत हे विसरू नका. पहिल्यांदा चालू केल्यावर एक चाक पुढे आणि एक मागे फिरलं तर कोणत्याही एकाच मोटरच्या दोन वायर अदलाबदल करा.

पुढचा एक्सल

यात्रेतल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं वळत नाहीत, एका सळईवर नुसती फिरतात. म्हणजे स्टिअरिंग नव्याने करावं लागतं.

यू चॅनेल आडवं, तोंड पुढे करून धरा. वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या मिळतात. दोन्ही टोकांना, टोकापासून ५ मिमी आत, वरून खालपर्यंत ३.२ मिमीचं आरपार भोक पाडा. चॅनेलमध्ये सहज सरकेल असा प्लास्टिकचा ठोकळा करा. भाजी कापायच्या जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटाचा तुकडा यासाठी फार चांगला. तो निसरडा असतो आणि तेल न घालता फिरतो. ठोकळ्यात उभं २.५ मिमीचं भोक पाडा आणि त्यात एम३ चा बोल्ट खालून पिळत वर काढा. तो ठोकळ्यात आटे पाडत घट्ट बसतो आणि चॅनेलच्या भोकात मोकळा फिरतो. बाहेरच्या बाजूने दुसरं आडवं भोक पाडून चाकाचा बोल्ट बसवा. ही दोन भोकं एकमेकांना छेदता कामा नयेत, मध्ये निदान ४ मिमी अंतर राहू द्या. छेदली की बोल्ट आत भिडतात आणि ठोकळा वाया जातो.

उभ्या बोल्टच्या वरच्या टोकाला दोन नटांत आवळून मागे जाणारी १५ मिमीची पट्टी लावा, हा स्टिअरिंगचा हात. दोन्ही हात सरळ मागे न ठेवता किंचित आत वळवा. किती वळवायचे त्यासाठी कागदावर ट्रॅक्टरचं वरून दिसणारं चित्र मापात काढा, पुढच्या दोन उभ्या बोल्टपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत रेषा ओढा आणि हात त्या रेषांवर ठेवा. यामुळे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर घासत नाहीत. दोन हातांना जोडणारा टाय रॉड सायकलच्या स्पोकचा. टोकं पक्कडीने झेडसारखी वाकवली की ती भोकातून निसटत नाहीत.

हा एक्सल शरीराला मधोमध एकाच बोल्टवर झुलता ठेवा. खऱ्या ट्रॅक्टरचाही तसाच असतो. घट्ट बसवला तर अंगणातल्या पहिल्याच खड्ड्यात मागचं एक चाक अधांतरी होतं आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्टर तिथेच फिरत बसतो. दोन्हीकडे दहाएक अंश झुलला की पुष्कळ.

सर्व्हो बोनटच्या आत, त्याचा हात झुलत्या बोल्टच्या जवळ येईल असा बसवा. लांब ठेवलात तर एक्सल झुलला की चाकं आपोआप वळतात. आणि सर्व्होचा हात स्क्रूने आवळायच्या आधी रिमोट चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या. ही एक पायरी गाळल्यामुळे एका बाजूला भरपूर वळणारे आणि दुसऱ्या बाजूला नुसती मान हलवणारे ट्रॅक्टर फार बघायला मिळतात.

रिमोट आणि रिसीव्हर

एफएस-आय६ मध्ये डावी स्टिक वर-खाली करताना जिथे सोडाल तिथेच राहते. ती विमानाच्या थ्रॉटलसाठी असते. ट्रॅक्टरला हात सोडल्यावर थांबणारी स्टिक हवी, म्हणून ईएससी चॅनेल २ ला आणि सर्व्हो चॅनेल १ ला लावा. नेहमीच्या मोड-२ रिमोटवर दोन्ही उजव्या स्टिकवर येतात आणि दोन्ही मध्यावर परततात. डाव्या स्टिकचं चॅनेल ३ मोकळं ठेवा. पुढे मागच्या हायड्रॉलिक लिफ्टला सर्व्हो लावाल तेव्हा नांगर जिथे सोडला तिथेच राहील.

बायंड करण्यासाठी, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जमवण्यासाठी, बायंड प्लग रिसीव्हरच्या बी/व्हीसीसी जागेत घाला, पॉवर द्या, दिवा झपाझप लुकलुकेल. रिमोटचं बायंड बटण दाबून धरत रिमोट चालू करा. जोडणी झाली की प्लग काढून दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. सर्व्होची तपकिरी वायर निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, नारिंगी सिग्नल.

रोज चालवताना आधी रिमोट, मग ट्रॅक्टर. बंद करताना आधी ट्रॅक्टर, मग रिमोट. चालू होताना ईएससी स्टिकचा मध्य शिकतो, तेव्हा हात लावू नका. स्टिअरिंगची शेवटची मर्यादा एंड पॉइंट मेनूत कमी करा. चाक अडल्यावरही सर्व्हो ढकलत राहिला तर तो अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट खेचतो, बीईसी खाली बसतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो.

बॅटरी

लिपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा, म्हणजे टू-एस ८.४. तीन व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा धड उभा राहत नाही, आणि छोट्या ईएससींत बहुधा आपोआप बंद होण्याची सोय नसते. म्हणून बझर बॅलन्स प्लगला लावून ३.५ वर ठेवा. वाजला की खेळ थांबवा. ८५० एमएएचची बॅटरी ०.८५ अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर, कोणीतरी जवळ असतानाच चार्ज करा. फुगलेली वापरू नका. महिनाभर ठेवायची असेल तर सेल ३.८ च्या आसपास ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ट्रॅक्टर बॅटरीसकट ठेवणं धोक्याचं आहे.

वजन

खरा ट्रॅक्टर दोन टनांचा धरा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १६ पट लहान झाल्या, म्हणून वजन ४०९६ ने भागायचं. ४९० ग्रॅम येतात. प्लास्टिकचा ट्रॅक्टर सगळं बसवूनही बऱ्याचदा त्याहून हलका भरतो आणि चाकं जागेवर फिरतात. ७०० ते ९०० ग्रॅमपर्यंत न्या.

टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची ५ आणि १० ग्रॅमची चिकट वजनं मिळतात. ती आधी मागच्या रीमच्या आतून, समोरासमोर सारखी लावा. शेतकरी मागच्या टायरात पाणी भरतात, तोच हा प्रकार. मग काही पुढे, बोनटच्या नाकात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून बघा. मोकळ्या ट्रॅक्टरचं साधारण ६० ते ६५ टक्के वजन मागे असावं. पुढे फार कमी झालं तर ट्रॉली लावल्यावर स्टिअरिंग लागत नाही.

फरशीवर घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून टायरवर चढवा.

ट्रॉली

ट्रॉलीचा हूक मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खाली ठेवा. वर लावला की ओढताना ट्रॅक्टर पुढून उठतो. खऱ्या शेतातही ट्रॅक्टर मागे उलटण्याचं हे एक कारण आहे, त्यामुळे मुलांना दाखवायला हे चांगलं उदाहरण.

भरायला ऊस हवाच. खराट्याच्या काड्या जवळजवळ दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या असतात, मापात बरोबर उसाएवढ्या. १५ ते १८ सेंटीमीटरच्या कापा, वीस-पंचवीसची मोळी करा आणि वाढ्याने बांधतात तशी हिरव्या लोकरीने बांधा. मोळ्या ट्रॉलीत आडव्या रचा. आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी, मग भरलेली असं चालवून मोटर हाताला किती गरम लागते ते दर वेळी बघा. बोट टेकवत नसेल इतकी तापली तर ओझं कमी करा.

अडलं तर

स्टिक मध्यावर असूनही ट्रॅक्टर हळूच सरकत असेल तर ट्रिम (स्टिकचा मध्य जुळवायचं छोटं बटण) हललेली आहे, ती शून्यावर आणा. सुरुवातीला चालून मग मध्येच थांबून पुन्हा चालू होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा सर्व्हो अडला आहे. मोटर फिरते आणि चाक नाही, तर ग्रब स्क्रू सैल आहे. तो आवळताना एक थेंब थ्रेडलॉकर लावा, फेविक्विक नको, कारण पुढे खोलावं लागतंच. लांब गेल्यावर रिमोटचा संपर्क तुटतो तेव्हा रिसीव्हरच्या अँटेना बघा. त्या मोटरीला किंवा अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेल्या असतात. दोन्ही एकमेकींना काटकोनात, प्लास्टिकच्या बोनटला आतून चिकटवा.

गिअरमधून कटकट आवाज यायला लागला तर बहुतेक वेळा आत काळी माती गेलेली असते. एन२० चा गिअरबॉक्स उघडा असतो. शेतात चालवायचा असेल तर त्याच्याभोवती जुन्या ट्यूबची बाही चढवा आणि तेलाऐवजी थोडंसं ग्रीस लावा. तेलावर धूळ बसून त्याची कणीक होते.